डावा चॅनल

२६ ऑक्टोबर, रविवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. मोठं काम अंगावर घेतलं की लिहून ठेवावं, नाहीतर पुढे आपलं आपल्यालाच खरं वाटत नाही.

काम असं. लेक लांबच्या शहरात. रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का? जेवलो, तू? जेवले. मग दोघंही वाट बघतो, आधी कोण ठेवतंय. तिची आई होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि मी पलीकडच्या खोलीतून ओरडून काय ते विचारायचो. आता फोन माझ्याच हातात आल्यापासून काय विचारायचं ते सुचत नाही.

आज लेक म्हणाली, बाबा, आपण गेम खेळू या. हाताला काम असलं की तुम्ही बोलता, मी तुमच्या वर्कशॉपमध्ये बघितलंय. दोघांनी मिळून होडी चालवायचा गेम आहे. खेळता खेळता बोलू.

मी म्हटलं, माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे. तर म्हणे, चालेल. गेम लांब कुठेतरी कंपनीच्या मशीनवर चालतो. आपल्याकडे फक्त चित्र आणि आवाज येतो, आपण दाबलेली बटणं तिकडे जातात. याला क्लाउड म्हणतात. म्हणजे पंप त्यांच्याकडे आणि नळ आपल्याकडे. हे मी लगेच म्हणालो. ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

निर्णय: पुढच्या रविवारी होडी पाण्यात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कॉम्प्युटरवर पाटी आली: तुमची सिस्टिम फार जुनी झाली, तिच्यावर हे चालणार नाही. दुकानदार म्हणाला, काका, डबा फेकून द्या, नवीन घ्या. ज्याने आयुष्यभर विजेच्या जळालेल्या मोटारी नवी वायर भरून उभ्या केल्या, त्याला हा सल्ला!

चौकशी केली. लिनक्स म्हणून एक सिस्टिम आहे. कोणा एकाची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून बांधलेली. पाहिजे त्याने उघडावी, आत बघावं, दुरुस्त करावी. आपल्याच जातकुळीची. न उघडणारा डबा मला सहनच होत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

लिनक्स चढवली. सोपं आहे. लोक उगाच घाबरवतात.

एक काळी खिडकी असते, तिच्यात हुकूम लिहायचा. हुकूम लिहिला, तर तिने पासवर्ड मागितला. पासवर्ड टाइप केला, एक टिंब उमटेना. पुन्हा केला. नाही. कीबोर्ड मेला. संध्याकाळी दुकानातून नवा आणला. तोही मेलेला.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कळलं. त्या खिडकीत पासवर्ड मुद्दामच दिसत नाही, आत पोचत मात्र असतो. चांगली पद्धत आहे. मला अंदाज होताच. दुसरा कीबोर्ड वर्कशॉपमध्ये उपयोगी पडेल.

२ नोव्हेंबर, रविवार

होडी पाण्यात गेली नाही. माझी चूक नाही. कंपनीचं ॲप लिनक्ससाठी बनतच नाही, ब्राउझरमधून शिरावं लागतं. शिरलो. चित्र ओल्या पेपरासारखं. डावीकडे वळवलं की होडी जरा विचार करते, मग वळते. याला लॅग म्हणतात.

लेकीला सांगितलं, वायफायचा भरवसा नको, पुढच्या रविवारपर्यंत वायर ओढतो. ती म्हणाली, आज नुसतं फोनवर बोललो तरी चालेल बाबा. मी म्हटलं, छे, अर्धवट काम मला आवडत नाही.

संध्याकाळी वायर ओढली. खालच्या मजल्यावरून, अक्काच्या दारासमोरून. अक्का माझी मोठी बहीण, खालीच राहते. अडखळली. म्हणाली, मला मारून खालची खोली मोकळी करायचीय का? तसं सांगून टाक, मी स्वतःच जाते. हे सगळं माझ्या तोंडावर, शेजारच्या बाल्कन्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात. अक्काचा आवाज एक तेवढा पूर्वीसारखा आहे. बाकी लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वर्कशॉपमध्ये लॉन्ड्रीवाला. मोठी लॉन्ड्री आहे, हॉटेलांच्या चादरी धुते, आमचं जुनं गिऱ्हाईक. मोटार बंद पडते, स्टार्टर खराब की मोटार खराब यावर जाड्याशी वाद. जाड्या माझा फिटर, अंगाने काडी. मी दोघांना गप्प केलं आणि नियम सांगितला. दोन भागांची अदलाबदल करा. बिघाड भागाबरोबर सरकला तर भाग खराब. बिघाड जागेवरच राहिला तर जागा खराब. या एका वाक्यावर वर्कशॉप उभं आहे. जाड्याने ते इतक्यांदा ऐकलंय की मी तोंड उघडल्यावर त्याचेही ओठ हलतात.

अदलाबदल केली. स्टार्टर खराब निघाला.

मग मोटार चालू असताना नेहमीप्रमाणे स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ डाव्या कानाला. बेअरिंग आतून जे बोलतं ते असं ऐकू येतं. डाव्या कानाला एवढ्यासाठी, की उजवा हात पान्याला मोकळा राहतो. बायको म्हणायची, यांचा डावा कान कामाचा, उजवा घरच्यांचा.

बेअरिंग गप्प होतं. एकदम लोण्यासारखं. म्हटलं, चालवा बिनधास्त. जाड्या काहीतरी पुटपुटला. याला किती वेळा सांगितलं, बोलायचं तर तोंड उघडून बोल.

९ नोव्हेंबर, रविवार

होडी पाण्यात!

वायरीने फरक पडला. चित्र स्वच्छ. गेम छान आहे. मोठी नदी, मध्ये खडक. ती डावीकडे बसते, नकाशा बघते. मी उजवीकडे, वल्हं आणि सुकाणू माझ्याकडे. हेडफोनमध्ये करामत अशी की जो जिथे बसलाय तिथून त्याचा आवाज येतो. किनाऱ्यावर उतरून ती समोर उभी राहिली की आवाज खणखणीत. होडीत बसली की गेला. डावीकडचं पाणीही गेलं. म्हणजे डावा चॅनल बंद. लिनक्समध्ये आवाजाची कटकट असतेच असं सगळे म्हणतात. माझ्या वाट्याला आली.

ती म्हणाली, जागा बदलू या का? मी म्हटलं, सुकाणू तुझ्या हातात? मग बुडालोच. बिघाड आहे तर काढू, त्याला वळसा कशाला घालायचा?

जे ऐकू आलं त्यावरून सांगतो: तिच्याकडे आवाज घुमतो. रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा. मागे टीव्ही नाही, जावयाचं ते घसा खाकरणं नाही. लोकांना हे कळणार नाही, आपले कान तिखट. म्हटलं, तुझी खोली घुमतेय, पडदे लाव. ती एकदम गप्प झाली. बहुतेक लॅग.

कंपनी प्रत्येक फेरीचं रेकॉर्डिंग ठेवते. ते तिने चालू करायला लावलं. म्हणे, तुम्ही खडकावर आपटलात की मला परत बघून हसायचंय.

संकल्प: आठवड्यात डावा चॅनल दुरुस्त.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आवाजाचा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. डावीकडे नाही. आवाज सांभाळणारा प्रोग्रॅमच बदलला. आता उजवीकडेही नाही. पुन्हा जुना घातला. उजवीकडे आला. प्रगती आहे.

लिनक्सवाल्यांच्या फोरमवर मोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. घुबडाचं चित्र लावलेल्या एकाने उत्तर दिलं: हेडफोन उलटा घालून बघ आणि काय होतं ते सांग. एवढंच. ना नमस्कार, ना काही. मी शर्टसुद्धा कधी उलटा घातला नाही. लिहिलं, मी या कामात केस पांढरे केलेत, मला नीट हुकूम द्या. त्याने पुन्हा तेच लिहिलं.

बिनडोक लोक सगळीकडे असतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजची फेरी सगळ्यात अवघड. नदीला ओढ, दोन्ही बाजूंनी खडक.

लेक आज खूप बोलत होती. चांगलं वाटलं. हाच तर उद्देश होता. डावा चॅनल बंद असल्यामुळे शब्द काही कळत नव्हते, नुसती भुणभुण, पण मध्ये मध्ये मी हं, बरं, छान, असं म्हणत होतो. माणसाला आपण ऐकतोय असं वाटलं पाहिजे. सारखं काय, काय, विचारलं असतं तर तिला वाटलं असतं बाप म्हातारा झाला.

शेवटी तिने काहीतरी विचारलं, त्यातलं फक्त "येऊ का" एवढं कानावर पडलं. मी बघतो तर माझ्या बाजूला खडक! ती उठून माझ्याकडे आली असती तर होडी कलंडलीच होती. ओरडलो, अजिबात येऊ नकोस! आहेस तिथेच बस! इकडे जागा नाही!

बसली. होडी वाचली. अशा वेळी डोकं थंड लागतं.

शाबासकी दिली नाही तिने. बरं, म्हणाली, आणि गेम बंद केला. हे मात्र समोरून ऐकू आलं, कारण तोवर किनाऱ्याला लागलो होतो. तिच्याकडचं नेट गेलं असावं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लॉन्ड्रीची मोटार बसली. बेअरिंग पार जळून चिकटलं. हॉटेलांच्या ओल्या चादरींचे ढीग पडलेत, लॉन्ड्रीवाला दारात उभा राहून सगळ्या गल्लीसमोर बोलला. म्हणाला, तुमच्या कानावर विश्वास ठेवला मी. तुमच्या कानावर!

मी म्हटलं, साबणाचं पाणी आत गेलं असणार. तो म्हणाला, साबण माझ्याकडे पहिल्यापासून आहे.

मग जाड्याला विचारलं, तुला त्या दिवशी काही ऐकू आलं होतं का? तर म्हणे, खरखर होती शेट. मी तेव्हाच म्हणालो होतो. तुम्ही बिनधास्त म्हणालात, मग मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं.

पुटपुटणाऱ्या माणसाने नंतर मी म्हणालो होतो म्हणू नये. त्याला तसं सांगितलं. तो फिरून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. हल्ली सगळे असंच करतात. काय खूळ आहे कळत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

लेक ऑफलाइन. मी होडीत एकटा बसलो. एकट्याने सुकाणू धरलं की होडी गोल गोल फिरते.

मेसेज आला: आज जमणार नाही बाबा.

नीट बघितलं तर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झालाय. हे लिनक्सचंच. ब्राउझरची जुनी आवृत्ती असली की ठिपके चुकीचे दिसतात असं कुठेतरी वाचलं होतं. ब्राउझर बदलला. ठिपका करडाच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अक्काने परस्पर कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. वर येऊन सांगितलं, शुक्रवारी जायचंय. मी विचारलं, तुझ्या कानाला काय झालं? अक्का कपाळावर हात मारून खाली बसली. म्हणाली, तुझा टीव्ही मी खाली बसून ऐकते रे. माझा बंद असतो. बातम्यांसाठी मला वेगळं बिल भरावं लागत नाही.

मी म्हटलं, टीव्हीचा स्पीकर गेलाय. तोही डावाच. घरातलं वायरिंग तपासायला पाहिजे.

अक्काने मग वेगळाच विषय काढला. पोरगी कशी आहे? तुझ्याशी काही बोलली का? मी म्हटलं, रविवारी तासतासभर बोलते. काय बोलते? मी म्हटलं, आमचं खाजगी आहे. अक्काला काही सांगितलं की ते सगळ्या नातेवाइकांना सांगितल्यासारखं आहे, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

शुक्रवारी गेलो नाही तर अक्का बोलणं टाकेल म्हणाली. बघू कितपत जमतं तिला.

३० नोव्हेंबर, रविवार

करडा ठिपका. फोन केला. कामात आहे बाबा, नंतर करते, म्हणाली. नंतर केला नाही.

मला वाटतं, खेळात रस गेला तिचा. जाणारच. अर्ध्या आवाजाचा गेम कोणाला आवडेल? दोष सिस्टिमचा आहे तोवर तिला परत कसं बोलवू? आधी डावा चॅनल, मग तिला बोलावणं. रिकाम्या हाताने नाही जायचं.

निर्णय: सगळं पुसून लिनक्स नव्याने चढवणार. दुसऱ्या घराण्याची. हिच्यात आवाज उत्तम आहे असं फोरमवर म्हणतात. घुबड सोडून सगळे.

लॉन्ड्रीवाला दुसऱ्याकडे गेला. जाऊ दे.

३ डिसेंबर, बुधवार

नवी चढवली. डावीकडे नाही. नवा हेडफोन आणला. डावीकडे नाही. एकाच वेळी दोन हेडफोन आणि दोन सिस्टिम खराब. काय माल बनवतात हल्ली.

अक्का खरंच बोलत नाहीये. घर इतकं शांत कधी नव्हतं.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी

जिंकलो!!

काल अक्का मुकाट्याने वर येऊन खोली झाडून गेली. हेडफोन खिळ्याला टांगून ठेवला होता. सकाळी तसाच काढून डोक्यावर घातला. लेक नसल्यामुळे तपासायला जुनं रेकॉर्डिंग लावलं, खडकांच्या फेरीचं. आणि तिच्या बाजूचं पाणी वाजलं! चुळुकचुळुक, होडीच्या फळीवर. डावा चॅनल चालू! कालच्या शेवटच्या हुकुमाने काम केलं असणार. नेमका कोणता होता तो शोधून फोरमवर घालतो. घुबडाला कळू दे.

आधी चहा. मग पूर्ण फेरी शांतपणे ऐकतो. मग लेकीला फोन.

७ डिसेंबर, दुपारी

चहा घेताना लक्षात आलं की माइक उजव्या गालाशी आहे. तो डाव्या गालाशी असतो. हेडफोन उलटा घातलाय.

डावीकडचं पाणी मला उजव्या कानात ऐकू येत होतं. आणि माझं वल्हं, जे इतके दिवस उजवीकडे खणखणीत वाजायचं, ते कुठेच नव्हतं.

सरळ घातला. वल्हं आलं, पाणी गेलं. उलटा घातला. पाणी आलं, वल्हं गेलं. जुना हेडफोन काढला, त्यानेही केलं. फोन घेतला. एका कानाला लावला, दुसऱ्या कानाला लावला.

अदलाबदल केली. बिघाड जागेवरच राहिला.

मग उलटा घालून फेरी ऐकली. सगळी. लेकीचा आवाज उजव्या कानात, अगदी शेजारी बसल्यासारखा.

ती सांगत होती, बाबा, आत्याला सांगू नका. आम्ही वेगळे झालो. मी निघून आलेय, मैत्रिणीची रिकामी खोली आहे, तिच्यात राहतेय. तुम्ही म्हणालात ना घुमतंय, तेव्हा वाटलं तुम्हाला कळलंच. मी म्हणतोय, हं. ती म्हणतेय, रात्री झोप लागत नाही, भांडं पडलं तरी दचकते. मी म्हणतोय, छान. त्यावर ती थांबली. बराच वेळ पाण्याचाच आवाज. मग म्हणाली, सुकाणूवर लक्ष आहे ना तुमचं, असू दे, असंच बोलणं सोपं जातं. थोडे दिवस मी तुमच्याकडे येऊ का?

पुढचं ऐकायची गरज नव्हती. ते वर लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

लॉन्ड्रीच्या बेअरिंगमध्ये खरखर असणार. जाड्या म्हणालाच असणार.

७ डिसेंबर, संध्याकाळी

खाली जाऊन अक्काला म्हटलं, डॉक्टरची वेळ पुन्हा घे. तिने फोन उचलला आणि घेतली.

वर येऊन लेकीला फोन लावला, उजव्या कानाला धरून. तिने उचलला. म्हटलं, अगं, तू त्या दिवशी विचारलंस ना, येऊ का म्हणून. मला ऐकू आलं नव्हतं. ये. आज निघ, उद्या निघ. ये.

ती गप्प. लॅग नव्हता.

मग म्हणाली, नाही बाबा, आता बस्तान बसलंय माझं इथे. पडदे लावलेत.

आणि खरंच, खोली घुमत नव्हती. मी कान देऊन ऐकलं, कुठेच घुमत नव्हती.

मग तीच म्हणाली, जेवलात का?

म्हटलं, जेवलो. तू?

जेवले, म्हणाली.

सगळं स्वच्छ ऐकू आलं.